बडतर्फीच्या आदेशावर सही करणाऱ्या साहेबांना खुले पत्र

प्रति,
राज्यातले सर्व पोलीस आयुक्त, पोलीस अधीक्षक आणि राज्य राखीव पोलीस बलाचे समादेशक
(शिस्तभंग प्राधिकारी या नात्याने)

विषय : पोलीस कर्मचाऱ्यांच्या बडतर्फीचे आदेश आणि मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) त्यांची होणारी गत

महोदय, महोदया,

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं टेबलावर गेली आणि त्यातलीही बरीचशी विभागीय चौकशीच्या कागदांत. आता सोलापुरातच असतो. शहराला आयुक्त, ग्रामीणला अधीक्षक आणि सोरेगावला राखीव बलाच्या दहा नंबर गटाचे समादेशक अशी तीन कार्यालयं एकाच गावात असल्यामुळे कोणाला ना कोणाला डी.ई., म्हणजे विभागीय चौकशी, लागलेली असतेच. बोलावलं तर चौकशीत त्याची बाजू मांडणारा बचाव सहायक म्हणून जाऊन बसतो. बाहेरच्या जिल्ह्यांतूनही मुलं फायली घेऊन येतात. त्यामुळे तुमच्या सहीचे आदेश मी दोन्ही टोकांना पाहिले आहेत. आधी टाइप होताना, आता मॅटमध्ये फाटताना.

सांगायचं एकच आहे. बडतर्फीचे आदेश रद्द होतात ते समोरचा वकील फार हुशार असतो म्हणून नव्हे, कार्यालयानं चौकशीचा कंटाळा केलेला असतो म्हणून. आणि या कंटाळ्याचा फायदा खऱ्या दोषी माणसाला जास्त होतो. निर्दोष माणूस रीतसर चौकशीतही सुटला असता. दोषी मात्र रीतसर चौकशीत सापडला असता, तो तुमच्या घाईमुळे सुटतो.

गैरसमज नको. लाच घेताना सापडलेला, कोठडीत माणसाला मरेस्तोवर मारणारा, तक्रार द्यायला आलेल्या बाईला रात्री-अपरात्री फोन करणारा, अशांना खात्यात जागा असू नये याबद्दल तुमचं-माझं दुमत नाही. खाकीची अब्रू अशाच चार जणांनी घालवली आणि त्याचे टोमणे उरलेल्या सगळ्यांनी ऐकले. माझं म्हणणं इतकंच, की त्यांना असं घरी पाठवा की ते परत येऊ नयेत.

एक आदेश नमुन्यादाखल सांगतो. घटक कोणता, जिल्हा कोणता हे सांगत नाही. आदेश दोन पानांचा. पहिल्या पानावर गुन्हा रजिस्टर नंबर, अटकेची तारीख, वर्तमानपत्रांत बातम्या आल्यानं पोलीस दलाची प्रतिमा मलिन झाली वगैरे. दुसऱ्या पानावर मुख्य वाक्य : ‘सदर कर्मचारी हे साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब विभागीय चौकशी करणे व्यवहार्य नाही.’ खाली संविधानाचा अनुच्छेद ३११(२)(ब) आणि सही. आता त्याच फायलीत जरा मागे जा. प्राथमिक चौकशीचा (पी.ई.चा) अहवाल लावलेला आहे. साक्षीदारांचे जबाब, सह्या-अंगठ्यांसकट, एका निरीक्षकानं आठवड्याभरात बिनबोभाट नोंदवलेले. कोणी घाबरलेलं नाही, कोणी फिरलेलं नाही. साक्षीदारांत दोघे तर खात्यातलेच हवालदार. पी.ई.त बोलताना ज्यांना भीती वाटली नाही, त्यांना डी.ई.त कुठून वाटणार होती? त्यावर कळस म्हणजे शेवटच्या परिच्छेदात दुसऱ्याच शिपायाचा बक्कल नंबर. आधी कधीतरी कोणालातरी घरी पाठवलं होतं, तो आदेश संगणकात होता. नाव बदललं, नंबर राहून गेला.

असा आदेश वाचल्यावर मॅटला पुढे काही वाचायची गरजच उरत नाही. आणि त्या शिपायानं काय केलं होतं? माझं मत विचाराल तर त्याला घरी बसवायला हवं होतं.

अनुच्छेद ३११ मी तुम्हाला शिकवावा एवढी माझी पायरी नाही. पण आदेश टाइप करणारा लिपिकही हे पत्र वाचेल, म्हणून लिहितो. ज्यानं नेमणूक केली त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी, दोषारोप कळवून, बाजू मांडायची वाजवी संधी देऊन, चौकशी केल्याशिवाय बडतर्फी नाही, सेवेतून काढणं नाही, पदावनतीही नाही. याला अपवाद तीन. फौजदारी खटल्यात शिक्षा झाली असेल तर त्या वर्तनाबद्दल. चौकशी करणं व्यवहार्य नाही असं प्राधिकाऱ्यानं लेखी कारणं देऊन नोंदवलं तर. आणि राज्याच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांचं तसं समाधान झालं तर. तिसऱ्याशी आपला फारसा संबंध येत नाही. पहिल्याबद्दल एवढंच, की शिक्षा झाली म्हणून बडतर्फी आपोआप होत नाही. ज्या वर्तनापायी शिक्षा झाली ते बडतर्फीइतकं गंभीर आहे का, याचा विचार केल्याचं आदेशात दिसावं लागतं. सगळा घोळ मधल्या अपवादाचा.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९८५ मध्ये तुलसीराम पटेल निकालात या अपवादाचा सविस्तर अर्थ लावला. त्यातल्या प्रकरणांत बोकारोचं एक प्रकरण होतं. तिथल्या पोलाद कारखान्यावर असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी १९७९ मध्ये शिस्त झुगारली, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. अशा वातावरणात कोण साक्षीदार बोलावणार, कोण उलटतपास नोंदवणार? ती बडतर्फी न्यायालयानं उचलून धरली. म्हणजे अपवाद खोटा नाही, त्याची गरज पडते. पण त्याच निकालात हेही बजावलं, की चौकशीची कटकट नको म्हणून किंवा खात्याची बाजू लंगडी आहे म्हणून हा अपवाद वापरता येणार नाही, आणि कारणं लेखी नोंदवलेली नसतील तर आदेश टिकणार नाही. पुढे जसवंतसिंग प्रकरणात, तोही पंजाबचा पोलीसच, न्यायालयानं सांगितलं की अधिकाऱ्याचं मनातल्या मनात समाधान झालं एवढ्यानं भागत नाही. ते समाधान ज्या वस्तुस्थितीवर उभं आहे ती कागदावर दिसली पाहिजे. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका प्रकरणात तर ‘साक्षीदार उघडे पडतील’ हे कारणही न्यायालयानं पुरेसं मानलं नाही. आणि आपले आदेश अजून त्याच एका वाक्यावर उभे.

एक परीक्षा सुचवतो. पुढच्या आढावा बैठकीला आपापल्या घटकातला शेवटचा ३११(२)(ब)चा आदेश घेऊन या. नाव, पद, नंबर यांच्यावर पट्टी लावा आणि फक्त कारणांचा परिच्छेद शेजारच्या घटकप्रमुखांना वाचायला द्या. हा माणूस कोण, त्यानं कोणत्या साक्षीदाराला धमकावलं, कधी, त्याची स्टेशन डायरीला नोंद आहे का, हे त्यांना त्यातून कळलं तर आदेश टिकेल. तोच परिच्छेद त्यांच्याही आदेशात सापडला तर काय समजायचं ते आपण समजा.

बडी प्रकरणं झाली की या अपवादाचं कौतुक होतं. मे २०२१ मध्ये मुंबईत सचिन वाझे यांना याच तरतुदीखाली बडतर्फ केलं, तेव्हा ते एनआयएच्या गुन्ह्यात अटकेत होते. हेच अधिकारी २००४ मध्ये ख्वाजा युनूस कोठडी मृत्यू प्रकरणात निलंबित झाले होते आणि जून २०२० मध्ये परत सेवेत आले होते. त्या आदेशाच्या बरोबर-चुकीबद्दल मला बोलायचं नाही. पण सोळा वर्षांचं निलंबन आणि मग वर्षभराच्या आत चौकशीविना बडतर्फी, ही दोन्ही टोकं एकाच माणसाच्या नोकरीत दिसली, हे खात्याला शोभणारं नाही. आणि राज्यभर गाजलेल्या प्रकरणात जे कारण पटतं, तेच गावातल्या मटक्याच्या अड्ड्यावरून हप्ता घेणाऱ्या शिपायाच्या आदेशात चिकटवलं की हास्यास्पद होतं. त्याला घाबरून अख्खा तालुका गप्प बसेल असं लिहिणाऱ्यालाही वाटत नसतं.

सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणं-येणं असलेल्या माणसाला ‘परिस्थिती असाधारण आहे’ या सबबीचं वावडं असणं साहजिक आहे. १९३० च्या मे महिन्यात याच शहरावर मार्शल लॉ लादला होता. तुलना करत नाही, ते परक्यांचं राज्य होतं. पण नेहमीचा कायदा बाजूला ठेवायचा असेल तर तो का ठेवला हे नीट लिहून द्यावं, एवढी मागणी तरी इथून व्हायलाच हवी.

आता रीतसर चौकशीकडे येतो. कारण तुम्ही म्हणाल, बरं, करतो चौकशी. करता, पण कशी?

चौकशी अधिकारी म्हणून नेमलेले साहेब स्वतः एखाद्या ठाण्याचे प्रभारी किंवा विभागाचे प्रमुख. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचा बंदोबस्त, मग शिवजयंती, मग आंबेडकर जयंती, आषाढीला सगळी फौज पंढरपुरात, पुढे गणपती, नवरात्र, आणि मध्ये एखादी निवडणूक. डी.ई.ची तारीख या सगळ्यांच्या फटीत लागते आणि बहुतेक वेळा ‘चौकशी अधिकारी बंदोबस्तात असल्याने पुढील तारीख’ एवढ्याच रोजनाम्यावर संपते. विभागीय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत आणि काहीही झालं तरी वर्षभरात संपवावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये प्रेमनाथ बाली प्रकरणात सांगितलं. आपल्याकडे वर्षभरात कधीकधी पहिला साक्षीदारसुद्धा होत नाही.

तारीख लागलीच तर खोलीतलं दृश्य असं असतं. साक्षीदार येतो. त्याच्यापुढे कोरा कागद नसतो, छापील असतो. पी.ई.तला जबाब जसाच्या तसा उचलून वर ‘सरतपास’, म्हणजे साक्षीदाराची मूळ साक्ष, असा मथळा दिलेला, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. साक्षीदार मान डोलावतो, सही करतो. मी उलटतपासाला तोंड उघडलं की खात्याची बाजू सावरायला चौकशी अधिकारीच पुढे सरसावतात, कारण खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी एकतर नेमलेलाच नसतो किंवा व्हीआयपी दौऱ्याला गेलेला असतो. मी प्रश्न विचारला की ‘हा प्रश्न आवश्यक नाही’. का आवश्यक नाही, ते लिहून घ्या म्हटलं की साहेब चिडतात. ‘खात्याचं मीठ खाल्लंत आणि आता...’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते अपुरंच सोडून दिलं जातं. मीठ खाल्लंय म्हणूनच सांगतोय, साहेब. चौकशी अधिकाऱ्यानंच खात्याच्या वकिलासारखं वागायचं आणि निष्कर्षही त्यानंच काढायचा, हे चालत नाही. २०१८ मध्ये रामलखन शर्मा प्रकरणात, तो केंद्रीय राखीव दलाचा जवान होता, सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं.

साक्षीदारांचं तर विचारूच नका. दिल्ली पोलिसांतल्या कुलदीपसिंग या शिपायावर आरोप होता, की मजुरांच्या मजुरीतले पैसे त्यानं स्वतःकडे ठेवले. ज्या मजुरांचे पैसे, तेच चौकशीत आले नाहीत. त्यांच्या आधीच्या जबाबावर काम भागवलं आणि माणूस बडतर्फ. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. त्या शिपायानं पैसे घेतले होते की नाही, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ज्यांना विचारायचं त्यांना विचारलंच नाही. आपल्याकडचा सोपा मार्ग म्हणजे एफआयआर आणि पंचनाम्याच्या प्रती दोषारोपपत्राला जोडायच्या आणि ‘कागदोपत्री सिद्ध’ म्हणून टाकायचं. कागद स्वतःहून बोलत नाही, तो कोणीतरी शाबीत करावा लागतो. बँक कर्मचारी रूपसिंग नेगीच्या निकालात हे लिहिलेलं आहे, आणि विभागीय चौकशीच्या बहुतेक वकिलांना तो तोंडपाठ आहे.

पुढची पायरी अहवालाची. चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल अपचाऱ्याला, म्हणजे ज्याची चौकशी झाली त्याला, देऊन त्यावर त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय शिक्षा ठरवायची नाही, हे १९९३ च्या करुणाकर निकालापासून पक्कं आहे. तीस वर्षं उलटून गेली. तरी कारणे दाखवा नोटिशीबरोबर अहवाल न जोडता ‘सोबत जोडला आहे’ असं लिहिलेल्या नोटिसा मी पाहतो. आणि आदेश लिहिताना मध्येच जुनी सर्व्हिस शीट उघडते. अमुक साली गैरहजर, तमुक साली ऑर्डरली रूममध्ये ताकीद, सबब सुधारण्यास वाव नाही. हा पूर्वइतिहास शिक्षा ठरवताना धरायचा असेल तर तो नोटिशीतच सांगावा लागतो, म्हणजे माणसाला त्यावर बोलता येतं. हा १९६३ चा मांचे गौडा निकाल, म्हणजे माझ्या नोकरीच्याही आधीचा.

हे सगळं वाचून एखाद्याला वाटेल की कोर्टं पोलिसाला वाचवायलाच बसली आहेत. तसं मुळीच नाही, आणि हे मी पोलीस लाइनीतल्या मुलांनाही सांगतो, त्यांना ते आवडत नाही. मॅट किंवा उच्च न्यायालय तुमच्या डी.ई.चं अपील ऐकत नाही. पुरावा पुन्हा तोलत नाही. चतुर्वेदी प्रकरणात १९९५ मध्ये ही मर्यादा आखून दिली आहे : रीत पाळली का, निष्कर्षाला काहीतरी पुरावा आहे का, शिक्षा अंगावर काटा यावा इतकी अवाजवी तर नाही ना. एवढंच पाहायचं. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावाही लागत नाही. साधारण माणसाला घडलं असावं असं वाटेल इतका पुरतो. म्हणजे कायद्यानं तुमच्या बाजूला आधीच भरपूर झुकतं माप दिलंय. एवढं असून आदेश पडतो, तेव्हा तो किती पोकळ असला पाहिजे याचा विचार करा.

‘कोर्टातून सुटलो की नोकरी परत’ ही लाइनीतली दुसरी अंधश्रद्धा. तामिळनाडूतल्या समुथिरम नावाच्या पोलिसावर स्त्रियांची छेड काढल्याचा आरोप होता. खटल्यात साक्षीदार फिरले, तो सुटला, तरी सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये त्याची बडतर्फी कायम ठेवली. साक्षीदार फुटल्यानं सुटणं म्हणजे सन्मानानं सुटणं नव्हे. उलट राजस्थानच्या रामलाल या शिपायाला २०२३ च्या डिसेंबरात न्यायालयानं नोकरी परत दिली. गुणपत्रिकेतली जन्मतारीख बदलल्याचा आरोप होता. खटल्यातला आणि चौकशीतला पुरावा तोच, आणि त्याच पुराव्यावर तो निखालस निर्दोष ठरलेला. निम्मा थकीत पगारही द्यावा लागला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर दिसतं, की पहिल्या प्रकरणात खात्याची स्वतःची चौकशी स्वतःच्या पायावर उभी होती.

आता आदेश फाटल्यावर काय होतं ते सांगतो, कारण बहुतेक साहेब तोवर बदलून गेलेले असतात. माणूस मॅटमधून जिंकतो. शासन उच्च न्यायालयात जातं. तिथंही हरलं की पुनर्स्थापना, आणि थकीत वेतनाचा प्रश्न. बेकायदा काढलेल्याला थकीत पगार हा साधारण नियम, हे २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालात सांगितलं आहे, आणि ते प्रकरण तर आपल्या महाराष्ट्रातलंच. काम न करता पगार, तोही कोणाच्या पैशातून, हे सांगायला नको. ज्यांच्या सहीनं हे झालं त्यांच्या गोपनीय अहवालात त्याची ओळसुद्धा येत नाही. माझ्या पाहण्यात तरी आलेली नाही.

आणि दोष फक्त पद्धतीचा निघाला तर न्यायालय बहुधा म्हणतं, चौकशी जिथं चुकली तिथून पुन्हा करा. कागदावर हे रास्त आहे. पण तोवर काही वर्षं गेलेली असतात. एका प्रकरणात तक्रार देणाऱ्या मुलीचं दरम्यान लग्न झालं होतं, ती दुसऱ्या जिल्ह्यात सासरी नांदत होती. नव्या चौकशीची नोटीस घेऊन शिपाई दारात गेला तेव्हा तिच्या नवऱ्यानं विचारलं, ही कसली भानगड? तिनं ‘मला काही सांगायचं नाही’ असं लिहून दिलं. मी त्या वेळी अपचाऱ्याच्या बाजूनं बसलो होतो. तो सुटला. मला पेढे द्यायला घरी आला होता, मी घेतले नाहीत. पहिल्याच वेळी नीट चौकशी झाली असती तर त्या मुलीला एकदाच बोलावं लागलं असतं, आणि त्या वेळी ती बोलायला तयार होती.

जो खरोखर निर्दोष असतो त्याचे हाल वेगळे. निलंबनात निर्वाह भत्ता तरी मिळतो, सुरुवातीला अर्ध्या पगाराच्या आसपास. बडतर्फीच्या दुसऱ्या दिवसापासून तोही बंद. लाइनीतली खोली खाली करायची नोटीस येते. बडतर्फ झालेल्याला पुढे सरकारी नोकरीही मिळत नाही. नुसतं ‘सेवेतून काढून टाकलं’ असतं तर ती वाट तरी उघडी राहते, हा फरक आदेश काढणाऱ्या कित्येकांच्या लक्षात नसतो. मग माणूस एमआयडीसीत सिक्युरिटीला उभा राहतो, बायको गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं करायला जाते, आणि अपिलाच्या तारखा चालू राहतात.

अपिलावरून आठवलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २७ खाली अपील आहे, त्यावर शासनाकडे दाद मागता येते, आणि अपिलावर सहा महिने काहीच निर्णय झाला नाही तर तिथून वर्षाच्या आत मॅटला जाता येतं. हे किती शिपायांना ठाऊक असतं? अपील प्राधिकारी कोण आणि मुदत किती, हे आदेशाच्या तळाला दोन ओळींत लिहिलं तर आपलं काय जातं? मुदत उलटून गेल्यावर माझ्याकडे आलेली मुलं पाहिली की हात बांधल्यासारखे होतात. आणि अपिलाचा निकाल ‘शिक्षेत हस्तक्षेप करण्याचे कारण दिसत नाही’ या एका ओळीवर देऊ नका. अपचाऱ्यानं मांडलेल्या मुद्द्यांना उत्तर द्या. चुकलेला आदेश खात्यातच दुरुस्त झाला तर कोर्टाचा निम्मा बोजा उतरेल, आणि खात्याची लाजही राहील.

माणसं नाहीत, वेळ नाही, ही तुमची अडचण खोटी नाही. बंदोबस्त करायचा, तपास करायचा आणि डी.ई.ही चालवायच्या, हे एका निरीक्षकाच्यानं होणारं नाही. म्हणूनच ठाण्याचा भार नसलेले, फक्त चौकशीचंच काम करणारे अधिकारी प्रत्येक परिक्षेत्रात द्या. निवृत्त न्यायिक अधिकारी घ्या, निवृत्त उपअधीक्षक घ्या. मोठ्या शिक्षेच्या चौकश्या त्यांच्याकडे जाऊ द्या आणि सादरकर्ता अधिकारी विधी शाखेतला असू द्या. हे आपण ठरवलंत तर फार मोठं काम नाही.

शेवटचा मुद्दा मुंबईचा. मॅटची पीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. सोलापूरचा अर्ज मुंबईला जातो, म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी, मॅटमध्ये तारीख, बहुतेक वेळा पुढची तारीख, आणि संध्याकाळी पुन्हा परतीची गाडी. पगार नसलेल्या माणसानं हे किती वेळा करायचं? १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. चंद्रकुमार निकालापासून मॅटच्या आदेशाविरुद्ध आधी उच्च न्यायालयातच जावं लागतं. म्हणजे आता गंमत अशी, की वरचं न्यायालय सांगोला-मिरजमार्गे चार-पाच तासांवर आलं आणि त्याच्या आधीची पायरी मात्र चारशे किलोमीटरवर राहिली. या सहा जिल्ह्यांसाठी मॅटनं महिन्यातून काही दिवस कोल्हापूरला बसावं. ठरवणं आपल्या हातात नाही, हे जाणतो. पण तारखेला फाइल छातीशी धरून मुंबईची गाडी पकडणाऱ्यांत अपचाऱ्यासमोरच्या बाकावर आपल्याच कार्यालयाचा लिपिक बसलेला असतो. सहा जिल्ह्यांच्या घटकप्रमुखांनी मिळून गृह विभागाकडे प्रस्ताव पाठवावा. वकील संघटनांच्या निवेदनापेक्षा त्या प्रस्तावाचं वजन जास्त पडेल, आणि तो पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार
सोलापूर

प्रत माहितीसाठी : गृह विभाग, मंत्रालय, मुंबई